दोन टोले

"डोंगळे मॅडम, तुमचं बारावीला सायन्स होतं ना?"

मुख्याध्यापक शिंत्रे सरांनी हे विचारलं तेव्हा मी ऑफिसात मस्टरवर सही करत होते. त्यांच्या आवाजात नको तेवढा गोडवा होता. मी तिथेच सावध व्हायला हवं होतं.

"होतं, सर. पण मी नापास झाले होते."

"म्हणजे होतं ना!" सर खुर्चीत मागे रेलले. "नापास व्हायला तरी विषय घ्यावा लागतो. आपल्या शाळेत तेवढंसुद्धा कुणी केलेलं नाही."

हातकणवाडीच्या हायस्कुलात मी नऊ वर्षं मराठी शिकवत होते. विज्ञानाचे सर त्या जूनमध्ये संस्थेच्या दुसऱ्या शाळेत बदलून गेले आणि त्यांच्या जागी कुणी येईना. महिनाभर नववीची मुलं विज्ञानाच्या तासाला शाळेचं आवार झाडत होती. आवार इतकं स्वच्छ झालं, की पालक तक्रार करायला लागले.

"सर, मला त्यातलं काही येत नाही हो."

"मुलांना तरी कुठं येतंय? जोडा जमेल." सरांनी विज्ञानाच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवली. "आणि ई-लर्निंग कक्ष आहेच की आपला."

ई-लर्निंग कक्ष होता, यात खोटं काही नाही. त्यात देणगीदाखल आलेला प्रोजेक्टर होता. धूळ बसू नये म्हणून सरांनी त्याच्यावर स्वतःला सत्कारात मिळालेली शाल पांघरली होती आणि दर दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागत होतं. खोलीला कुलूप असे. चालवला तर बिघडेल, अशी सरांना भीती होती, त्यामुळे तो तीन वर्षं अगदी नव्यासारखा राहिला होता.

मी गडहिंग्लजला राहायची. शाळेपर्यंत एसटीनं पन्नास मिनिटं लागत. किल्ली मिळाल्यापासून ती पन्नास मिनिटं माझी शाळा झाली. संध्याकाळी घरी व्हिडिओ उतरवून घ्यायचे, सकाळी ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसून ते बघायचे आणि अकराच्या तासाला तेच मुलांना शिकवायचं. त्या बाकावर एकच अडचण होती. घंटी बरोबर डोक्यावर यायची. अंतू कंडक्टर ती अशी हाणायचा, की कानात इअरफोन घालूनसुद्धा दात वाजायचे.

इंटरनेटवर विज्ञान शिकवणाऱ्यांना तोटा नव्हता. एक गोरे प्राध्यापक होते. ते फळ्यावर लिहीत लिहीत इतक्या वेगानं बोलायचे, की मी पहिलं वाक्य समजून घेईपर्यंत त्यांचा फळा भरून पुसूनही झालेला असायचा. एका साइटवर पडद्यावरच बोटानं आम्ल ओतता यायचं. तिथं मी एका प्रवासात तीनदा प्रयोगशाळा उडवली. सरकारी ॲपही होतं, पण त्याचा पासवर्ड आधीच्या सरांबरोबर बदलून गेला होता.

असं भटकता भटकता एक दिवस मला 'ओट्यावरचं विज्ञान' सापडलं.

त्यात माणूस दिसायचाच नाही. दिसायचे ते दोन हात. सावळे, जाड बोटांचे, उजव्या अंगठ्याला घट्टा पडलेला. खाली फुलाफुलांचं मेणकापड, त्यावर काचेचा ग्लास, वाट्या, लिंबू, मीठ, चुना. आवाज घोगरा आणि खणखणीत. प्रयोग सुरू करण्याआधी तो हात चमचा उचलायचा आणि ग्लासावर दोन टोले द्यायचा. टिंग टिंग. मगच कामाला लागायचा. एक पायरी संपली की म्हणायचा, "चला, पुढे सरका." कुणी खाली घाईचा प्रश्न विचारला, तर पुढच्या व्हिडिओत त्याला ऐकवायचा, "धक्काबुक्की नको. सगळ्यांना जागा आहे."

मला तो माणूस आवडला. का ते सांगते. अकरावीत असताना मी आमच्या सरांना विचारलं होतं, "सर, पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो, पण पाणी आलं हे त्याला कळतं कसं?" वर्ग फिदीफिदी हसला. सर म्हणाले, "बस खाली." मी खाली बसले ती बसलेच. बारावीत पदार्थविज्ञानात सव्वीस मार्क पडले आणि विज्ञानाचा आणि माझा संबंध संपला.

सतरा वर्षांनी तोच प्रश्न मी भीत भीत त्या हातांच्या व्हिडिओखाली लिहिला. चौथ्या दिवशी उत्तर आलं. 'ताई, प्रश्न फार चांगला आहे. मला नीट माहीत नाही. शोधतो.' आणि पुढच्या महिन्यात त्या माणसानं त्यावर तीन व्हिडिओ केले. तिसरा बघताना एसटीत माझे डोळे भरून आले. शेजारच्या म्हातारीला वाटलं घरी काहीतरी झालंय. तिनं मला शेंगदाण्याचा लाडू दिला.

मग काय, वर्गात धुमाकूळ सुरू झाला. बेचाळीस मुलांनी घरून बेचाळीस ग्लास आणले. आम्ही मिठाचे खडे वाढवले, बटाट्यावर घड्याळ चालवलं, अंडं बाटलीत घातलं आणि ते बाहेर काढायला तीन दिवस घेतले. मी ओट्यावरच्या हातांची बरोबर नक्कल करायची. कशाला काय महत्त्व आहे हे मला कळत नव्हतं, म्हणून मी काहीच सोडायची नाही. एखाद्यानं पूजा सांगावी आणि यजमानानं भटजींच्या खोकल्यासकट ती करावी, तसं चाललं होतं. चमचा उचलायचा, दोन टोले द्यायचे आणि मग प्रयोग. मुलंही तसंच करायची. बेचाळीस ग्लासांवर बेचाळीस चमचे एकदम वाजले, की शेजारच्या वर्गातले गणिताचे सर दचकून खडू टाकायचे.

पहिल्या बाकावर शरयू गुरव बसायची. अंगानं काडीसारखी आणि नजर अशी, की आपण काहीतरी चोरलंय असं वाटावं. एक दिवस तिनं हात वर केला.

"बाई, ह्ये टोलं कशाला द्यायचं?"

मला माहीत नव्हतं. पण विज्ञानाच्या बाईला माहीत नसून चालतं का? मी घसा साफ केला. "काचेला हवेचे बारीक बुडबुडे चिकटलेले असतात. टोले दिले की ते निघून जातात."

बेचाळीस जणांनी ते प्रयोगवहीत लिहून घेतलं. कृती, पायरी पहिली : ग्लासावर चमच्याने दोन टोले द्यावेत, म्हणजे हवेचे बुडबुडे निघून जातात.

पुढच्या आठवड्यात चुंबक होता. मुलांनी चुंबकाला टोले दिले. त्याच्या पुढच्या आठवड्यात पानांचा प्रयोग आला, तेव्हा कुंडीला टोले दिले. शरयूचा हात पुन्हा वर.

"बाई, चुंबकात बी बुडबुडे असत्यात?"

वर्ग फिदीफिदी हसला.

"बस खाली," मी म्हणाले.

शब्द तोंडातून निघून गेले. ती बसली. मी फळ्याकडे वळले आणि काहीतरी लिहीत राहिले. तो अख्खा तास मी तिच्याकडे बघू शकले नाही. सतरा वर्षं ज्या माणसाला मनातल्या मनात शिव्या दिल्या, त्याच्याच खुर्चीत मी जाऊन बसले होते, आणि तेही न आलेल्या उत्तराच्या जोरावर.

त्यानंतर शरयूनं हात वर करणं थांबवलं.

डिसेंबरात शिंत्रे सरांनी मला ऑफिसात बोलावलं. यावेळी आवाजात गोडवा नव्हता.

"गुरुवारी विज्ञान पर्यवेक्षक येतायत. मगदूम साहेब. फार कडक माणूस आहे. विषयाची पदवी नसलेल्यांकडचे तास काढून घ्यायला निघालेत. पलीकडच्या गावातले एक सर आठवड्यातून दोन दिवस येतील म्हणे."

"मग मी?"

"तुम्हाला काय, सुटलात! तुमचं मराठी आहेच की."

जुलैमध्ये हे ऐकलं असतं, तर मी सरांना पेढे दिले असते. आता तसं नव्हतं. मला तो तास हवा होता. मुलांचे हळदीनं पिवळे झालेले हात, "बाई, आज काय उडवायचं?" हा प्रश्न, एसटीतली ती पन्नास मिनिटं, सगळं हवं होतं. चौतीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा मी विज्ञानात पास होत होते.

"नीट होईल, सर," मी म्हणाले.

"फक्त तुम्ही नापास झाल्याचं बोलू नका," सर म्हणाले. "बाकीचं मी सांभाळतो."

गुरुवारी मगदूम साहेब आले. उंच, बारीक, बुशकोटाच्या खिशात तीन पेनं. हसायचा त्यांना नियमानं मज्जाव असावा. ते मागच्या बाकावर बसले. शिंत्रे सर त्यांच्या शेजारी हात बांधून उभे राहिले.

मी हळदीचा प्रयोग घेतला होता. हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी घातली की लाल होतं आणि लिंबू पिळलं की पुन्हा पिवळं. सोपा, बिनधोक, बायकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत असलेला प्रयोग.

"चला, सुरू करा," मी म्हणाले.

टिंग टिंग! बेचाळीस ग्लास एकदम कडाडले. मगदूम साहेबांच्या हातातलं पेन उडून सरळ शिंत्रे सरांच्या बुटावर पडलं.

"हे काय आहे?" साहेब उभे राहिले.

"हवेचे बुडबुडे निघून जातात!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला. पाढे म्हणावेत तसा.

साहेबांनी जवळच्या मुलाची प्रयोगवही उचलली. एक पान वाचलं, दुसरं वाचलं. मग चुंबकाचं पान आलं आणि त्यांची भुवई कपाळाच्या मध्यापर्यंत गेली.

"बाई, हे कुठल्या पुस्तकात दिलंय?"

"नव्या अभ्यासक्रमात आहे, साहेब," शिंत्रे सर चटकन म्हणाले. "अगदी नव्या. अजून छापायचा आहे."

आणि तेव्हा मला पहिल्या बाकावर शरयू दिसली. ती अर्धवट उठली होती. हात वर नव्हता. हात दप्तरात होता आणि दप्तरातून एक वही अर्धी बाहेर आली होती. ती माझ्याकडे बघत होती. बसू का उठू, एवढंच त्या नजरेत होतं.

तिच्या वहीत काय आहे हे मला माहीत नव्हतं. पण ते माझ्या फायद्याचं नाही, हे मला पक्कं कळलं. 'बस खाली' एवढे दोनच शब्द बोलायचे होते. शिंत्रे सरांनी उरलेलं सांभाळलं असतं. नव्या अभ्यासक्रमाचा जीआरसुद्धा त्यांनी दुपारपर्यंत टाइप करून घेतला असता.

"शरयू," मी म्हणाले, "बोल."

ती ताडकन उठली.

"साहेब, बुडबुडं जात न्हाईत. मी बघितलंय. चाळीसदा केलं. ईसदा टोलं दिऊन आन् ईसदा न देता. पप्पांच्या मोबाइलवर टायम लावला हुता. ग्लासातलं बुडबुडं बी मोजलं." तिनं वही उघडून पुढे धरली. पान भरून रेघा मारलेला तक्ता होता. हळदीचे डाग पडलेला. "टोलं दिलं तरी हळद लाल व्हायला तेवढाच टायम लागतोय. बुडबुडं बी तेवढंच ऱ्हात्यात. काय फरक न्हाई."

"चाळीस वेळा?" साहेबांनी विचारलं.

"व्हय. आणि दहादा करणार हुतो, पर हळद संपली. आई म्हणली, घरात कुणाचं लगीन हाय का?"

कुणीतरी खुसकन हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी वही हातात घेतली, ओळीवरून बोट फिरवत खालपर्यंत वाचली आणि माझ्याकडे बघितलं.

"बाई?"

"ती बरोबर आहे, साहेब." मी म्हणाले. "ते बुडबुडे मी बनवून सांगितले होते. मला खरं कारण माहीत नव्हतं, आणि माहीत नाही म्हणायची लाज वाटली. तिनं आधीही विचारलं होतं, तेव्हा मी तिला खाली बसवलं. माझं चुकलं, शरयू."

शिंत्रे सरांनी डोळे मिटून घेतले.

"मग हे टोले आले कुठून?"

"इंटरनेटवरून." आता सुरुवात झालीच होती, तर मी सगळंच सांगून टाकलं. एसटी, पन्नास मिनिटं, ओट्यावरचे हात, मेणकापड. बारावीचे सव्वीस मार्कसुद्धा सांगितले. मुलं तोंडाचा आ करून ऐकत होती. आपल्या बाई नापास झाल्यात हे कळल्यावर मागच्या बाकावरच्या दोघांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो मी अजून विसरलेले नाही.

साहेबांनी शेरेबुक मागून घेतलं, उभ्या उभ्या चार ओळी लिहिल्या, बुक बंद करून शिंत्रे सरांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "सोमवारी प्रार्थनेनंतर उघडा. आत्ता नको. मला चर्चा आवडत नाही."

मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. मोटरसायकलला किक मारण्याआधी त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"बाई, त्या ओट्यावाल्याचं नाव जरा लिहून द्या."

"साहेब, त्याचा काही दोष नाही. चूक माझी—"

"दोष नाही हो." त्यांनी पुन्हा एकदा मागे पाहिलं. "मी मूळचा भूगोलाचा. पर्यवेक्षकाची जागा रिकामी होती, म्हणून प्रभारी आहे. दोन वर्षं झाली. खारे वारे, मतलई वारे विचारा, घडाघडा सांगतो. पण शाळाशाळांत मुलं मला आम्ल-आम्लारी विचारतात आणि मी नुसता कडक चेहरा करून बसतो." मी नाव लिहून दिलेला कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला. "आणि टोल्यांचं कळलं तर मलाही कळवा. मला आता झोप लागायची नाही."

मधल्या सुट्टीत मी आणि शरयूनं मिळून प्रश्न लिहिला. मी टाइप केला, तिनं सांगितला. 'काका, तुम्ही प्रयोगाआधी ग्लासावर दोन टोले का देता? आम्ही चाळीस वेळा करून पाहिलं. फरक पडत नाही. तक्त्याचा फोटो सोबत जोडला आहे. शरयू गुरव, नववी.'

"रागावत्याल काय, बाई?"

"माहीत नाही," मी म्हणाले. आता मला ते म्हणायला जमायला लागलं होतं.

सोमवारी सकाळी मी नेहमीच्या बाकावर बसले होते. शेरेबुकाच्या विचारानं घास उतरला नव्हता. गाडी स्टँडवर उभी होती, माणसं चढत होती. मी मोबाइल उघडला, तर उत्तर आलेलं होतं.

'चि. शरयू, तुझा तक्ता मी चष्मा पुसून दोनदा वाचला. बरोबर आहे. फरक पडत नाही. आजपर्यंत मला हे कुणी विचारलं नाही आणि माझ्याही कधी ध्यानात आलं नाही. तुझ्या प्रश्नानंतर मी माझेच जुने व्हिडिओ लावून पाहिले आणि एकटाच हसत बसलो. माझी शाळा सातवीत सुटली. पुढे मुलीची जुनी पुस्तकं वाचत गेलो आणि रिटायर झाल्यावर नातवानं मोबाइलवर शोधायला शिकवलं. विज्ञान सगळं तिथून आलं. टोले तिथून आलेले नाहीत. एकतीस वर्षं मी एसटीत कंडक्टर होतो. दोन दिल्याशिवाय माझ्या हातून काही सुटतच नाही. तुझा, विष्णू लक्ष्मण खडके, निवृत्त वाहक, बिल्ला क्रमांक ७१४०.'

मी ते वाचून संपवलं आणि डोक्यावर घंटी कडाडली. ठण ठण. गाडी हलली.

मी इतक्या जोरात हसले, की अंतू कंडक्टर तिकिटं द्यायची सोडून माझ्याजवळ आला.

"काय झालं वो बाई?"

"अंतूदादा, तुम्ही दोनदा का वाजवता हो?"

"मंग किती येळा वाजवू?" तो चक्रावला. "एक म्हंजे थांब, दोन म्हंजे चल. रोज बसताय की गाडीत!"

रोज बसत होते. नऊ वर्षं बसत होते. चार-पाच महिने तर ते टोले कानात आणि ती घंटी डोक्यावर, असं दोन्ही एकदम ऐकत होते. 'पुढे सरका', 'धक्काबुक्की नको', 'सगळ्यांना जागा आहे'. अंगठ्याचा तो घट्टा तिकिटांच्या पंचाचा असणार. एखाद्यानं चष्मा डोळ्यावर ठेवून घरभर शोधावा, तशी माझी गत झाली होती. शाळेपर्यंत मला हसू आवरेना आणि शाळेचं फाटक दिसताच ते पार मावळलं.

प्रार्थनेनंतर शिंत्रे सरांनी ऑफिसात शेरेबुक उघडलं. ते मोठ्यानं वाचायला लागले आणि प्रत्येक वाक्याला त्यांचा चेहरा उतरत गेला.

"'शिक्षिकेकडे विषयाची पदवी नाही.' अरेरे. 'शिक्षिकेने वर्गास चुकीचे कारण सांगितले.' अरेरेरे. 'नववीतील विद्यार्थिनीने ते पुराव्यानिशी खोडून काढले.' संपलं, मॅडम. 'शिक्षिकेने ते सर्वांसमोर मान्य केले. असा प्रकार तालुक्यातील अन्य कोणत्याही शाळेत आढळला नाही...'" सर थांबले. चष्मा वर केला, खाली केला. "'...सबब, विषय यांच्याकडेच ठेवावा. ई-लर्निंग कक्षाचे कुलूप काढावे आणि प्रोजेक्टरवरील शाल मुख्याध्यापकांनी स्वतः वापरावी.'"

सरांनी शेरेबुक मिटलं, पुन्हा उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"शाल यांनी कधी बघितली?" शेवटी सर म्हणाले.

मी त्यांच्यासमोरच रडले आणि हसलेही. सरांनी मला पाणी दिलं आणि मग, आपलंच लेकरू सासरी पाठवावं तशा चेहऱ्यानं, कक्षाची किल्ली माझ्या पुढ्यात ठेवली.

वर्गात मी खडके काकांचं उत्तर वाचून दाखवलं. 'कंडक्टर' हा शब्द आला मात्र, पोरांनी बाक बडवून छत डोक्यावर घेतलं. "आयला, डबल बेल!" "आमाला कसं कळलं न्हाई?" शरयूनं मात्र प्रयोगवही काढली, पहिली पायरी खोडली आणि पट्टीनं रेघ मारली.

पुढच्या आठवड्यात 'ओट्यावरचं विज्ञान'चा नवा व्हिडिओ आला. मी तो उतरवून घेतला, पण एसटीत पाहिला नाही. कक्षाच्या खिडक्यांना सतरंज्या लावल्या, बेचाळीस मुलं दाटीवाटीनं खाली बसली आणि तीन वर्षांत पहिल्यांदा तो प्रोजेक्टर चालू झाला. दाराजवळ शिंत्रे सर शाल पांघरून उभे होते. थंडी होती हे निमित्त.

भिंतीवर ते मेणकापड आलं. मग ते हात आले, परातीएवढे मोठे. त्यांच्यापुढे एक नव्हे, दोन ग्लास होते.

"नमस्कार," घोगरा आवाज म्हणाला. "आजचा प्रयोग माझा नाही. हातकणवाडीच्या नववीतल्या शरयू गुरवचा आहे. तिनं चाळीस वेळा केला. मी आज तो तिच्या पद्धतीनं करून दाखवणार आहे. चूक निघाली तर तिनं मला कळवावं."

वर्गातली सगळी तोंडं शरयूकडे वळली. ती भिंतीकडे बघत होती. ओठ घट्ट मिटलेले.

उजव्या हातानं चमचा उचलला. ग्लासाजवळ नेला. आणि तिथंच थांबला.

"नाही," आवाज म्हणाला. "ज्याची गाडी, त्यानं बेल द्यावी. मी थांबतो."

चमचा खाली ठेवला. दोन्ही हात मेणकापडावर पालथे पडून राहिले. भिंतीवर काहीच हलेना. मी शरयूकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी वर्गात बघितलं होतं, तसंच.

"ऊठ," मी म्हणाले.

ती उठली. दप्तरातून आपला ग्लास काढला, चमचा काढला, सगळ्यांच्या पुढे भिंतीजवळ जाऊन उभी राहिली. त्या मोठ्या हातांपुढे ती अगदीच एवढीशी दिसत होती.

टिंग टिंग.

आणि हात हलले.